रेटिंग कोणाचे, वेळ कोणाचा? बुद्धिबळातल्या एका आकड्याचा इतिहास

आमच्या अभ्यासिकेत दर शनिवारी संध्याकाळी बुद्धिबळाचे पट मांडले जातात. मुले चटईवर बसून खेळतात. एका पटावरचा उंट हरवला, त्याच्या जागी वर्षभर पेनाचे टोपण उभे आहे आणि त्यावाचून कोणाचे अडलेले नाही. यातलाच सातवीतला एक मुलगा शहरातल्या एका खासगी क्लासला जाऊ लागला. आईने चार घरची धुणीभांडी करून फी भरली. दीड वर्षाने क्लासच्या प्रशिक्षकाने तिला बोलावून सांगितले की ताई, याचे रेटिंग चौदाशे तीसच्या पुढे सरकत नाही, याच्यात तो गेमच नाही, पैसे वाया घालवू नका. ती आम्हाला हे सांगायला आली तेव्हा तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती एवढेच म्हणाली, “दादा, आकडाच तसा आला म्हटल्यावर आपण काय बोलणार?”

‘आकडाच तसा आला.’ हे वाक्य आम्हाला आठवडाभर सोडत नव्हते. जातीचा दाखला दाखवून माणसाला गप्प करता येत नाही अशा ठिकाणी आता आकडा दाखवून गप्प करतात. आकड्याला जात नसते, धर्म नसतो, तो कोणाची बाजू घेत नाही, असा आपला समज आहे. तो पूर्ण खोटा नाही, हे पुढे येईलच. पण प्रत्येक आकड्याला जन्मतारीख असते, तो काढणारा माणूस असतो, आणि तो कोणाकोणाला मोजून काढला याची एक हद्द असते. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही एवढे तरी शिकलो. तेव्हा हा चौदाशे तीस कुठून आला ते पाहू.

बुद्धिबळात आज सगळीकडे ज्याला एलो रेटिंग म्हणतात, ते नाव एका माणसाचे आहे. आर्पाद एलो १९०३ साली हंगेरीत जन्मला, दहा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेला आणि पुढे मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवू लागला. स्वतः चांगला खेळाडू होता, विस्कॉन्सिन राज्याचे अजिंक्यपद त्याने आठ वेळा मिळवले. अमेरिकन बुद्धिबळ संघटनेकडे १९५० पासून केनेथ हार्कनेस यांची रेटिंगपद्धत होती, पण तिचे निकाल अनेकदा विचित्र येत. एलोने ती बाजूला सारून संख्याशास्त्राच्या पायावर नवी पद्धत उभी केली. अमेरिकेने ती १९६० साली स्वीकारली, जागतिक संघटनेने म्हणजे फिडेने १९७० साली. पुढची बरीच वर्षे जगभरच्या खेळाडूंचे रेटिंग हा प्राध्यापक स्वतः एका कॅल्क्युलेटरवर काढत असे.

पद्धतीचे मर्म सोपे आहे. दोन खेळाडूंच्या आकड्यांतल्या फरकावरून कोण किती गुण मिळवील याचा अंदाज बांधायचा. फरक शून्य असेल तर दोघांना निम्मी निम्मी संधी. दोनशेचा फरक असेल तर वरच्याने शंभर डावांत साधारण ७६ गुण घ्यावेत, खालच्याने २४. खालच्याने अंदाजापेक्षा जास्त मिळवले की त्याचा आकडा वाढतो, वरच्याचा उतरतो. किती वाढतो हे एका गुणकावर ठरते. फिडेच्या नियमात नव्या खेळाडूसाठी आणि तेवीसशेच्या खालच्या अठरा वर्षांखालील मुलांसाठी तो ४० आहे, इतरांसाठी २०, आणि एकदा चोवीसशे गाठलेल्यांसाठी १०. आमच्या मुलाने, ज्याचे १४३० आहेत, १६३० वाल्याला हरवले तर त्याला तीस गुण मिळतील. हरला तर साडेनऊ-दहा जातील. बस्स, एवढेच यंत्र आहे. यात बुद्धी मोजणारे, कुवत मोजणारे, भविष्य सांगणारे काहीही नाही. एलोने स्वतःच आपल्या मोजमापाची तुलना पाण्यावर डुचमळणाऱ्या बुचाची जागा वाऱ्यावर हेलकावणाऱ्या, दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजण्याशी केली होती. बाप असे म्हणत होता. क्लासचा प्रशिक्षक मात्र त्याच पट्टीने एका पोराचे आयुष्य मापून मोकळा झाला.

आता इथे आमच्याच बाजूच्या काही मित्रांना थांबवले पाहिजे. मागे ही हकीकत एका बैठकीत सांगितली तेव्हा एक कार्यकर्ता लगेच म्हणाला, रेटिंग म्हणजे नवे मेरिट, फेकून द्या ते. आमचे मत तसे नाही. रेटिंग नव्हते तेव्हा काय होते ते बघा.

पंजाबातल्या मिठा टिवाणा गावचा मीर सुलतान खान. १९०३ च्या सुमाराचा जन्म. लहानपणी वडिलांकडून देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकला, ज्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाते आणि इतरही नियम युरोपपेक्षा वेगळे. विशीत तो पंजाबातला सर्वांत बलवान खेळाडू गणला जात होता. जमीनदार सर उमर हयात खान यांनी त्याला आपल्या पदरी ठेवले आणि युरोपीय नियम शिकण्याची व्यवस्था केली. १९२८ साली तो अखिल भारतीय स्पर्धा जिंकला, १९२९ साली सर उमरबरोबर इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यवीर झाला. पुन्हा १९३२ आणि १९३३ ला. हेस्टिंग्जला १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवले, म्हणजे तीन वर्षांपूर्वीपर्यंत जगज्जेता असलेल्या माणसाला. तीन ऑलिंपियाडमध्ये ब्रिटनच्या पहिल्या पटावर खेळला. इंग्रजी लेखनात त्याची ओळख ‘नोकर’ अशीच राहिली. त्याच्या नातीने अलीकडे या चित्रणाला जाहीर हरकत घेतली आहे आणि ती हरकत आम्हाला महत्त्वाची वाटते, कारण आश्रित खेळाडू आणि घरगडी यात फरक आहे, आणि साहेबाने कोणते चित्र रंगवावे हे साहेबाच्या सोयीवर ठरते. त्याच वाड्यातली फातिमा १९३३ साली ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकून गेली, तिचे नाव तर बहुतेकांना ठाऊकही नाही.

१९३३ ला मालक परतला, सुलतान खानही परतला. १९३५ साली व्ही. के. खाडिलकर या आपल्याकडच्या नामांकित खेळाडूशी त्याची दहा डावांची लढत झाली, त्यात त्याने एक बरोबरी सोडली आणि बाकी नऊ डाव जिंकले. मग तो मोठ्या स्पर्धांतून दिसेनासा झाला. १९५० साली फिडेने पहिल्यांदा अधिकृत ग्रँडमास्टर जाहीर केले, सत्तावीस जण. ते कोणत्याही सूत्राने ठरले नव्हते, समितीने ठरवले होते. सुलतान खान तेव्हा जिवंत होता, यादीत नव्हता. १९६६ साली तो गेला, कोणत्याही पदवीशिवाय. फिडेने त्याला मानद ग्रँडमास्टर केले ते २०२४ साली.

समिती बसली की काय होते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ज्याला क्लब नाही, आमंत्रण नाही, ज्याच्याविषयी मासिकात लिहिणारा मित्र नाही, तो समितीला दिसत नाही. एलोच्या सूत्राला मात्र क्लब माहीत नसतो. त्याला फक्त दोन नावे आणि एक निकाल लागतो. म्हणून आम्ही म्हणतो, सूत्र आले ही पुढची पायरी होती. अनोळखी मुलगा अनोळखी गावात चार बड्यांना हरवतो आणि महिनाअखेर जगाच्या यादीत त्याचा आकडा वर चढतो. कोणाची शिफारस लागत नाही. हे थोडे नाही.

पण सूत्राला निकाल लागतो, आणि निकाल लागायला समोर कोणीतरी बसावे लागते. कोणासमोर कोण बसू शकतो, हे सूत्र ठरवत नाही. गोम इथे आहे.

१९७६ साली मुंबईची रोहिणी खाडिलकर तेरा वर्षांची असताना राष्ट्रीय महिला अजिंक्यपद जिंकली आणि त्याच वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली. ओरड झाली. मुलीशी हरलो तर, ही धास्ती असणारच. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष माक्स यूव्हे यांनाही सांगावे लागले की बाईला केवळ बाई म्हणून राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतून अडवता येणार नाही. पाणवठा असो की पट, आधी तिथवर पोचण्याचाच झगडा असतो. वासंती, जयश्री, रोहिणी या तिघी बहिणींनी महिलांचे राष्ट्रीय अजिंक्यपद वर्षानुवर्षे आपल्या घरात ठेवले, हे खरे. त्यांच्यामागे वर्तमानपत्राच्या संपादकाचे घर होते, हेही खरे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगता आल्या पाहिजेत.

समोर कोण बसतो यावर आकडा कसा फिरतो याची दोन उदाहरणे आम्हाला फार बोलकी वाटतात. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या तुरुंगात जन्मठेप भोगणारा क्लॉड ब्लडगुड नावाचा कैदी होता. तो तुरुंगातल्या कैद्यांशीच खेळे, कारण दुसरे कोणी नव्हतेच. नव्या कैद्यांना शिकवायचे, स्पर्धा भरवायच्या, जिंकायच्या. थेंबे थेंबे तळे साचत १९९६ साली त्याचे रेटिंग २७०२ झाले, म्हणजे कागदावर तो देशात दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू! बंद डबक्यात असे होऊ शकते हे त्याने स्वतःच संघटनेला आधी कळवले होते, असे सांगतात. दुसरे उदाहरण उलट्या बाजूचे. १९८६ च्या अखेरीस फिडेने ठरवले की बायका बहुतेक बायकांशीच खेळतात, त्यामुळे त्यांचे आकडे पुरुषांच्या मानाने कमी राहिले आहेत. म्हणून सगळ्या बायकांना सरसकट शंभर गुण वाढवून द्यायचे. एकटी हंगेरीची सुझान पोल्गार वगळली, कारण ती पुरुषांशी खेळत होती. यादीत पहिली असलेली मुलगी त्या एका ठरावाने पहिल्या जागेवरून खाली आली. एकही डाव न हरता. हिशेबातला तर्क काही अंशी बरोबर होता, एवढे आम्हीही मान्य करू. पण जी बाहेर पडून बलवानांशी भिडली तिलाच त्याचा दंड बसला.

म्हणजे रेटिंग ही उंची नाही. उंची एकट्या माणसाची मोजता येते. रेटिंग हे नाते आहे. तुम्ही ज्यांच्यात खेळता त्यांच्या मानाने तुम्ही कुठे आहात, एवढेच ते सांगते.

आता आमच्या मुलाकडे परत येऊ, कारण त्याच्या चौदाशे तीसचा उलगडा इथेच होतो. समजा आठ मुले आहेत, सगळी १४५० ची, आणि वर्षभर ती आपापसातच खेळली. आठही जणांनी मेहनत केली, आठही जण पहिल्यापेक्षा बरेच चांगले खेळू लागले. वर्षअखेर त्यांची सरासरी किती? १४५० च. एकाला मिळालेला गुण दुसऱ्याच्या खात्यातून जातो, बाहेरून काही येत नाही. आठही मुले सुधारली आणि आकड्याला पत्ता लागला नाही. जिल्ह्यातल्या त्याच त्या स्पर्धांत, त्याच त्या भराभर सुधारणाऱ्या पोरांत खेळणाऱ्या मुलाचे हेच होते. अशा मुलाचे रेटिंग जागेवर राहिले तर तो ढ आहे, असा अर्थ निघत नाही. भोवतालच्यांच्या बरोबरीने तो सुधारतो आहे, असाही अर्थ निघतो. कोणता खरा ते डाव उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. आम्ही त्या आईला विचारले, क्लासमध्ये त्याचे हरलेले डाव कोणी त्याच्याबरोबर बसून पाहिले का? ती म्हणाली, तिथे पस्तीस मुले एका वेळी असतात.

ही गोष्ट फक्त आमच्या वस्तीची नाही, खुद्द फिडेला ती कबूल करावी लागली. बरीच वर्षे फिडेच्या यादीत यायला २२०० चा उंबरठा होता. त्याखालचा खेळाडू जगाच्या लेखी नव्हताच. १९९३ ला तो उंबरठा २००० झाला, मग उतरत उतरत २०१२ ला १००० वर आला. लाखो नवे खेळाडू, त्यात आपल्या देशातली मुले मोठ्या संख्येने, यादीत आली. मुले कमी आकड्यावर आत येत, वेगाने सुधारत, आणि आकडा त्यांच्या मागे धापा टाकत येई. शेवटी १ मार्च २०२४ ला फिडेने उंबरठा पुन्हा १४०० वर नेला आणि २००० च्या खालच्या सर्वांचे आकडे एका फटक्यात वाढवले: दोन हजारला जितके कमी पडत होते त्याच्या चाळीस टक्के भर. काल १००० होते त्याचे १४०० झाले, १५०० वाल्याचे १७००, १८०० वाल्याचे १८८०. त्या रात्री कोणी एक चालही नवीन शिकले नव्हते. आमच्याकडच्या एका मुलीने विचारले, दादा, मी झोपेत हुशार झाले का? तिला काय उत्तर द्यावे ते आम्हाला सुचेना.

मग खरा प्रश्न उरतो तो पालक विचारतात तो. किती दिवस लागतात? सहा महिने? दोन वर्षे?

यावर गप्पा पुष्कळ आहेत, अभ्यासही बरे झाले आहेत. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ख्रूट याने १९४६ साली दाखवून दिले की मोठे खेळाडू इतर चांगल्या खेळाडूंपेक्षा फार पुढच्या चाली मोजत बसतात असे नाही. चांगली चाल त्यांच्या नजरेला आधीच पडते. १९७३ साली अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी तो प्रयोग पुढे नेला. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची आणि मग पट रिकामा करून ती मांडायला सांगायचे. मास्टर सोळाच्या आसपास मोहरे बरोबर लावायचा, नवशिका चारेक. ‘पहा, जन्मजात स्मरणशक्ती!’ असे म्हणायला कोणीही धावेल. पण त्यांनी तेच मोहरे कसेही विस्कटून ठेवले, आणि मास्टरची करामत संपली. तोही तीन-चारावर आला, नवशिक्याच्या रांगेत. म्हणजे त्याच्या डोक्यात दैवी देणगी नव्हती, साठा होता. पाहिलेल्या, खेळलेल्या, हरलेल्या हजारो रचनांचा. त्या दोघांचा अंदाज पन्नास हजारांच्या घरातला होता. वाचता येणारा माणूस जसा ‘विद्यापीठ’ हा शब्द एकेक अक्षर न लावता एकदम वाचतो तसे हे वाचन आहे. आणि वाचन ही जन्माने मिळणारी गोष्ट आहे असे ज्यांनी शतकानुशतके सांगितले, त्यांचे पुढे काय झाले ते आपण जाणतोच.

साठा भरायला वेळ किती? चेस आणि सायमन यांनी ग्रँडमास्टर होण्याला दहाएक वर्षांचा हिशेब मांडला. बॉबी फिशरसुद्धा सहाव्या वर्षी शिकला आणि पंधराव्या वर्षी, १९५८ ला, ग्रँडमास्टर झाला, म्हणजे नऊ वर्षे. सुलतान खान युरोपीय नियम शिकून तीन वर्षांत ब्रिटिश अजिंक्यवीर झाला असे चमत्कार म्हणून सांगतात. वडिलांसमोर पट मांडून बसलेली त्याची आधीची पंधरा-वीस वर्षे त्या हिशेबात कोणी धरत नाही. २००७ साली गोबे आणि काम्पितेली यांनी अर्जेंटिनातल्या शंभरेक खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. २२०० च्या मास्टर पातळीला पोचायला त्यांना सरासरी अकरा हजार तास लागले होते. रोज तीन तास धरले तर दहा वर्षे. रोज एक तास धरला तर तीस.

याच अभ्यासातली एक गोष्ट आमच्या घोषणांना सोयीची नाही, पण ती लपवणार नाही. सर्वांत लवकर पोचलेल्याला ३,०१६ तास लागले आणि सर्वांत उशिरा पोचलेल्याला २३,६०८. जवळजवळ आठपट. आणि काही जण त्याहून जास्त तास घालूनही पोचले नाहीत. तेव्हा ‘मेहनत करा, सगळे होते’ हेही अर्धसत्य आहे. माणसामाणसात फरक आहे. लवकर सुरुवात करणाऱ्यांना झुकते माप मिळते, हेही त्याच अभ्यासात दिसले. पण हा फरक जातवार, लिंगवार, वस्तीवार वाटला गेला आहे असे म्हणायला मात्र पुरावा लागतो, आणि तो शोधायला गेले की दुसरेच सापडते. २००६ साली अमेरिकन संघटनेच्या अडीच लाख खेळाडूंची माहिती चाब्रिस आणि ग्लिकमन यांनी तपासली. सुरुवातीच्या रेटिंगमध्ये मुली मुलांच्या मागे दिसत होत्या. पण ज्या भागांत नव्याने येणाऱ्या मुलांमध्ये निम्म्या किंवा जास्त मुली होत्या, तिथे तो फरक नाहीसा झाला होता. मैत्रिणी असल्या की मुलगी कच्ची राहत नाही, एवढा साधा अर्थ आम्ही त्याचा लावतो. आमच्याकडे शनिवारी मुली दोन होत्या तोपर्यंत त्या कोपऱ्यात खेळत. आता नऊ आहेत, आणि मधला पट त्यांचा असतो.

मग अकरा हजार तास, किंवा निदान तीन हजार, कोणाचे असतात? मुलाचे तर असतातच. पण मुलाला ते तास कोणीतरी मोकळे करून द्यावे लागतात. चेन्नईचा गुकेश २०१३ साली सातव्या वर्षी बुद्धिबळ शिकला, २०१९ च्या जानेवारीत बारा वर्षे सात महिन्यांचा असताना ग्रँडमास्टर झाला आणि २०२४ ला अठराव्या वर्षी जगज्जेता. सहा वर्षांत ग्रँडमास्टर, हे अफाटच आहे, त्यात त्याची बुद्धी आणि कष्ट दोन्ही आहेत, आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण त्याच्याबरोबर देशोदेशी फिरता यावे म्हणून त्याच्या डॉक्टर वडिलांनी आपली प्रॅक्टिस थांबवली आणि आईच्या नोकरीवर घर चालले, हे त्यांनीच अनेक मुलाखतींत सांगितले आहे. ती सहा वर्षे एका मुलाची नव्हती, तीन माणसांची होती. आमच्या मुलाला चार दिवसांच्या स्पर्धेला परगावी न्यायचे तर आईचे चार खाडे होतात, आणि दोन घरे तर खाड्यावर दुसरी बाई ठेवतात. म्हणून तो वर्षाला दोन स्पर्धा खेळतो, जवळच्या. जवळच्या स्पर्धेत तेच डबके. डबक्यात तोच आकडा. आणि मग प्रशिक्षक म्हणतो, याच्यात गेम नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकली आणि त्याबरोबर देशाची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. त्या रात्री आमच्या गल्लीत मुलांनी मोबाइलवर अंतिम लढत पाहिली. दुसऱ्या दिवशी दोन नवीन पोरे पट शिकायला आली. हे होतेच, आणि चांगले आहे. पण अठ्ठ्याऐंशी नावांतली किती नावे एक खोली, एक नळ अशा घरांतून आली, हे कोणीतरी मोजायला हवे. रेटिंगचा दशांश अपूर्णांकापर्यंत हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेने खेळाडूच्या घरी अभ्यासाला टेबल आहे का, हे कधी विचारलेले नाही.

मुलाला आम्ही क्लास सोडू दिला. पैशासाठी सोडावा लागतच होता. पण खेळ सोडू दिला नाही. त्याचे मागच्या दोन स्पर्धांचे नऊ डाव त्याच्याच हस्ताक्षरातल्या कागदांवरून पुन्हा मांडले. नऊपैकी सहा डावांत तो हरला होता, आणि त्या सहांतल्या चारांत विसाव्या चालीपर्यंत त्याची बाजू वरचढ होती. एका डावात तर वजीर जादा होता. चारही डाव तो शेवटच्या टप्प्यात हरला. राजा आणि प्यादी उरली की काय करायचे हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. क्लासमध्ये सुरुवातीच्या चाली पाठ करून घेत. म्हणजे गेम होता, शेवट नव्हता. हे शोधायला आम्हाला तीन शनिवार लागले. आम्ही कोणी मास्टर नाही, आमच्यातल्या एकालाही रेटिंग नाही. संगणकाने मदत केली, तो फुकट आहे.

आता अभ्यासिकेत भिंतीवर एक वही टांगली आहे. तीत रेटिंगचा रकाना नाही. तारीख, किती वेळ बसलास, कोणाशी खेळलास, कुठे चुकलास, एवढेच. त्या मुलाच्या नावापुढे काल रात्रीपर्यंत एकशे बारा तास भरले आहेत. त्यातले चाळीस फक्त राजा आणि प्याद्याचे. डिसेंबरच्या स्पर्धेला जायचे ठरते आहे, आईच्या दोन घरांशी बोलणे अजून व्हायचे आहे.